जिवाणी कुठं सोडायची

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल, तर पाणी परत देण्याचा. पाणी शेंदायचं कसं ते मला माहीत होतं. माहेर बेळगुंदीचं, तिथं घरामागच्या परड्यातच आड. पाणी गाळायचं कसं तेही माहीत होतं, जैनाच्या घरातल्या पोरीला ते कुणी शिकवावं लागत नाही. पण माझ्या सासूबाई, ज्यांना सगळं घर आणि अर्धं गाव आक्का म्हणायचं, त्या पाणी गाळून झाल्यावर थांबायच्या नाहीत. गाळण्याच्या कापडावर जे राहिलं, ते डोळ्यांना दिसो न दिसो, ते जीव. गाळलेल्याच थोड्या पाण्याने ते कापड उलटं करून धुवायचं, जीव एका लहान बादलीत उतरवायचे. ही जिवाणी. आणि ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत ती परत सोडायची.

बरं, वरून ओतायची नाही. एवढ्या उंचावरून पडले तर मरतील ना ते! त्यासाठी त्या बादलीची रचनाच वेगळी होती. बुडाला बाहेरून एक कडी, दोर त्या कडीला बांधलेला, आणि दोराला लावलेला एक आकडा वरच्या दांडीत अडकवलेला. बादली सरळ खाली जायची. पाण्याला टेकली की दोर ढिला पडायचा, आकडा सुटायचा, आणि हळूच वर ओढलं की बादली पालथी होऊन सगळं अलगद पाण्यात. मी काठावर उभी राहून बघायचे आणि चुलीवर दूध उतू जातंय म्हणून आतल्या आत जळायचे.

"घागरभर पाण्यासाठी केवढा हा सोहळा!" मी एकदा बोलून गेले.

"तुला कुणी उचलून निपाणीच्या बाजारात सोडलं आन् परत आणलंच न्हाय, तर कसं वाटंल गं?" आक्कांनी विचारलं.

"बरं वाटेल की. चार साड्या घेऊन हिंडेन."

आक्का एवढ्या हसल्या की दोर हातातून सुटायला आला. सासू म्हणून त्या वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवते. हट्टी होत्या.

माझ्या लग्नाआधी कधीतरी गावात महाराजांचा चातुर्मास झाला होता, तेव्हा त्यांनी नियम घेतला होता. प्यायचं पाणी विहिरीचंच, गाळून, आणि जिवाणी जिथली तिथं सोडून. दिवस मावळला की तेही बंद. नळाचं चालायचं नाही, बोअरचं चालायचं नाही. नळात जिवाणी परत सोडणार कशी? आणि बोअरच्या त्या बोटभर फटीतनं बादली जाणार कशी? घरातले आम्ही बाकीचे सगळे मिळेल ते प्यायचो. आक्कांनी कधी कुणाला टोकलं नाही. नियम त्यांचा होता, त्या पाळत होत्या.

आमचं गाव निपाणी आणि चिकोडीच्या मधलं. माझ्या माहेरी पाऊस एकदा लागला की थांबायचं विसरतो. इथं ढग डोक्यावरून जातात, खाली बघतसुद्धा नाहीत. नदी लांब, पण ओढा अंगणाच्या पलीकडंच, आणि ओढ्याच्या काठाला आमची विहीर. मला पहिली काही वर्षं वाटायचं, ओढा आहे म्हणून विहिरीला पाणी आहे. ते अर्धंच खरं होतं. पावसाळ्यात ओढा भरून वाहायचा, तेव्हा विहिरीचं पाणी त्याच्याबरोबर चढायचं. पण दिवाळी झाली, पाऊस कधीच सरला, तरी ओढा आपला वाहतोयच! हे पाणी येतंय कुठून? मग एकदा धुणं धुताना बघितलं. आमच्या बाजूच्या काठातून, दगडांच्या खालून, बारीक बारीक पाझर ओढ्यात उतरत होते. विहिरीतलं पाणी ओढ्याच्या पाण्यापेक्षा उंच होतं. म्हणजे पावसाळ्यात ओढ्यानं जमिनीला दिलेलं, ते उन्हाळ्याकडं जमीन ओढ्याला परत देत होती. शेजारणी एकमेकींकडं विरजण मागतात तसं चाललं होतं दोघांचं. आज तुझ्याकडचं, उद्या माझ्याकडचं.

होळीपर्यंत ओढा वाहायचा. नंतर वाळूत हातभर उकरलं की पाणी लागायचं. आक्का एकदा बारशाला बेळगुंदीला आल्या होत्या, तेव्हा आमच्या आडाचं पाणी एवढं वर होतं की जिवाणी सोडायला बादली लागली नाही. त्यांनी वाकून हातानंच कापड पाण्यात बुडवलं. परतीच्या एस्टीत म्हणाल्या, "तुझं माहेर श्रीमंत हाय गं." मी दिवसभर अभिमानानं फुगले होते, माहेरचं कौतुक ऐकून कोण फुगत नाही?

त्या वेळी इथं सगळी तंबाखू. तंबाखू, ज्वारी, भुईमूग. तंबाखूला फारसं पाणी लागत नाही. मग ऊस आला. ऊस मागतो आणि मागतच राहतो. ओढ्याच्या काठाकाठानं बोअर पडत गेल्या. मशीनच्या गाड्या यायच्या, पांढरी धूळ उडायची, पाणी लागलं की पेढे वाटायचे. माझ्या धाकट्या दिरांनी, म्हणजे भावजींनी, आमच्या वरच्या पट्टीत बोअर मारली तेव्हा मीही पेढे खाल्ले. कुणा एकाच्या नावानं बोटं मोडून काय उपयोग? आमच्याही रानात ऊस आहे, आणि चहात साखर मलाही दोन चमचे लागते.

आधी ओढा संक्रांतीलाच आटायला लागला. मग काठातले पाझर बंद झाले. सगळ्या बोअरांनी मिळून जमिनीतलं पाणी ओढ्याच्या तळाच्याही खाली ओढून नेलं. आता ओढ्याला परत द्यायला जमिनीकडं काही उरलं नाही. उलट ओढ्यात वरून जे येईल, तेच खाली गडप व्हायला लागलं. देणंघेणं संपलं. एकानं द्यायचं आणि दुसऱ्यानं गिळायचं, एवढंच राहिलं.

हे मला आता कळतंय. तेव्हा मला कळत होता तो फक्त आक्कांचा दोर. जुन्या काथ्याच्या दोराला आधी निळा नायलॉनचा तुकडा जोडला गेला. मग गुरांच्या दाव्याचा. मग माझ्या एका जुन्या साडीची पट्टी पिळून जोडली. बादली खाली जायला वेळ लागायचा, आणि आक्का काठावर वाकून कान देऊन उभ्या असायच्या. पाण्याला टेकल्याचा आवाज आला की त्यांचा चेहरा खुलायचा.

अशीच एकदा माघात बादली टेकली ती खडकावर. खण्ण असा आवाज आला. आक्कांनी बादली तशीच भरलेली वर ओढायचा प्रयत्न केला, पण आकडा सुटला होता. ती पालथी होऊनच वर आली.

त्या दिवशी त्या पाणी प्यायल्या नाहीत.

मग आमच्या ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, उपाय काढला. नदीकडच्या मळ्यात एका ओळखीच्या माणसाची विहीर होती, तिला पाणी होतं. हे सकाळी मोटरसायकलला हंडा बांधून जायचे आणि पाणी आणायचे. आक्का ते गाळायच्या. आणि जिवाणी? ती त्या विहिरीचीच ना! म्हणून संध्याकाळी हे चहाच्या किटलीत जिवाणी भरून, किटलीच्या तोटीत फडक्याचा बोळा घालून, परत त्या मळ्यात जायचे. गावातली पोरं विचारायची, "काका, चहा कुणाला?" हे किटली सांभाळत पुढं जायचे. मला हसू यायचं आणि रागही यायचा. वयाला साठी लागलेला माणूस, आईसाठी किटलीतनं न दिसणारे जीव घेऊन पेट्रोल जाळतोय! पण मी हसले तर हे म्हणायचे, "हसू नकोस. ती पितीया न्हवं? मग झालं."

फाल्गुनात ती विहीरही आटली. नदीचंच पात्र कोरडं पडलं होतं, आणि पात्राच्या दोन्ही काठांना पाणी उपसणाऱ्या मोटारींची रांग लागली होती. नदीकाठची विहीर म्हणजे नदीचंच दुसरं भांडं. तिथं नाही तर इथं कुठून येणार?

त्यावर भावजी म्हणाले, "आपल्या बोअरचं पाणी पायपानं विहिरीत सोडू. विहिरीत पडलं की ते विहिरीचंच झालं की!"

मला वाटलं, आक्का ऐकणार नाहीत. पण आक्का म्हणाल्या, "पावसाचं पाणी तरी कुठनं येतंय? वरनंच पडतंय. सोडा." एवढ्या कडक बाईनं स्वतःच्या नियमाला एवढी वाट करून दिली, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं की तहान काय चीज असते.

सकाळी मोटार चालू व्हायची, पाइपातून पाणी विहिरीच्या तळात पडायचं, गुडघाभर साचायचं. आक्का लगेच शेंदायच्या, गाळायला बसायच्या. गाळायला वेळ लागतोच. आणि जिवाणी घेऊन काठावर जाईपर्यंत विहीर रिकामी! खडकाच्या चिरांतून सगळं खाली गेलेलं असायचं. जी विहीर वर्षानुवर्षं ओढ्याला पाजत आली, ती आता वरून ओतलेलंही धरून ठेवू शकत नव्हती. भावजी कपाळावर हात मारून म्हणाले, "आपलंच पाणी, आपल्याच हिरीतनं, परत आपल्याच बोअरला. वीज तेवढी फुकट." आणि बादली रोज खडकावर वाजायची. खण्ण.

मी सैपाकघरातून तो आवाज ऐकायचे आणि मला वाटायचं, आता हे बंद करा बाई. जन्मभर जे जीव मरू नयेत म्हणून आक्कांनी हात दुखेपर्यंत दोर ओढला, ते त्यांच्याच हातून रोज तापल्या दगडावर पालथे होत होते.

एक दिवस त्यांनी जिवाणी विहिरीत सोडलीच नाही. सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, सावलीला एक मातीचं मडकं ठेवलं आणि त्यात ओतली. "हिरीला पाणी येईपतुर हितं ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी आणखी थोडी. मडकं भरलं, दुसरं आलं. मग तिसरं. चैत्र लागेपर्यंत सोप्यात भिंतीला लागून मडकी मांडून झाली. प्रत्येकावर ओलं फडकं. उन्हानं पाणी उडायचं, मग त्यात नवं पाणी घालावं लागायचं, आणि ते पाणी गाळलं की नवी जिवाणी! हा हिशेब कधी जुळणारच नव्हता.

मी भांडले. खोटं कशाला बोलू, कडकडून भांडले. "आक्का, माणसाला प्यायला नाही आणि ह्या जिवांना मडकी? तुमचे ओठ बघा, कसे फुटलेत! तुमच्या वाटणीचं पाणी तुम्ही ह्यांना घालताय, मला दिसत नाही काय?"

"त्यांनी काय केलंय गं?" त्या म्हणाल्या. "मीच काढलं न्हवं त्यांना बाहीर."

मी भांडी आदळली आणि आत गेले.

तेवढ्यात बातमी आली की कालव्याचं पाणी ओढ्यात सोडणार आहेत. आक्कांच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. सकाळी सकाळी मला हाक मारून दोराच्या गाठी तपासायला लावल्या. "ओढा चार दिस वाहिला, तर हिरीला झरे सुटतील. मग एकेक मडकं सोडू. घाई करायची न्हाय." मडकी कुठल्या क्रमानं सोडायची तेही ठरलं होतं, सगळ्यात जुनं आधी. मी मनात म्हटलं, येऊ दे बाबा पाणी, निदान हा सोपा मोकळा होईल. पण खरं सांगते, मलाही आशा लागली होती.

पाणी आलं. सगळं गाव काठावर. पुढं फेस, फेसावर पाचोळा आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या, मागं गढूळ पाण्याची एक जीभ. बायकांनी हळदकुंकू वाहिलं. आक्का काठी टेकत ओढ्याच्या वळणावर येऊन उभ्या राहिल्या, तिथून आमची विहीर दिसते. पाणी वळणापर्यंत आलं आणि हळू झालं. वाळूतून बुडबुडे यायला लागले. भातावर कढी घातली की कशी दिसेनाशी होते, तसं पाणी येत होतं आणि जागच्या जागी आत जात होतं. वरच्या गावांनी ओढ्यात मोटारी आधीच टाकल्या होत्या ते वेगळंच. आम्ही ऊन उतरेपर्यंत उभे होतो. ती जीभ हातभरसुद्धा पुढं सरकली नाही.

दुसऱ्या दिवशी कालव्याचं दार बंद झालं. वाळू ओली होती, मग तीही वाळली. आमच्या विहिरीच्या ओढ्याकडच्या भिंतीला एक ओलसर डाग आला होता, तो आक्कांनी मला बोटानं दाखवला. मी नको नको त्या शिव्या दिल्या. ओढ्याला दिल्या, कालव्याला दिल्या, आमच्या उसाला दिल्या. आक्का म्हणाल्या, "जमीनच तान्हेली हाय गं. तिचा काय दोष?"

त्यानंतर त्यांचं पिणं आणखी कमी झालं. एका दुपारी त्या मडक्यांवरची फडकी ओली करता करता तिथंच खाली बसल्या आणि आडव्या झाल्या. निपाणीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणीच संपलंय. सलाईन लावायला शीर सापडेना. नर्स एका हातावर टोचायची, मग दुसऱ्या, मग परत पहिल्या. मला आमच्या रानातला बोअरवाला आठवला आणि मी तोंड फिरवलं.

शेवटी लागली सलाईन. बऱ्याच वेळानं आक्कांनी डोळे उघडले, वर टांगलेल्या बाटलीकडं बघितलं. थेंब पडत होते.

"ह्ये पाणी कुठल्या हिरीचं गं?"

"औषध आहे आक्का ते. पाणी नव्हे."

"पाण्यागतच दिसतंय," त्या म्हणाल्या, आणि परत डोळे मिटले.

मी दवाखान्यातच राहिले होते. हे आणि भावजी डबा घेऊन ये-जा करायचे. घरी सोप्यातल्या मडक्यांकडं बघायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही, आणि मलाही सांगायचं सुचलं नाही. आक्कांना घरी आणलं तेव्हा फडकी वाळून कडक झाली होती. त्यांनी माझा हात धरून एकेक फडकं उचललं आणि प्रत्येक मडक्यात वाकून बघितलं. तळाला क्षाराचं पांढरं वर्तुळ, बाकी काही नाही. मला वाटलं, आता रडतील. निदान मला तरी बोलतील. मी बोलून घ्यायला तयार होते.

त्या पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "पाणी दे गं."

"आक्का, विहिरीचं तर..."

"कसलं बी दे. नळाला येतंय ते दे."

मी तांब्या भरून आणला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि सगळा प्यायल्या, मध्ये न थांबता. पदरानं तोंड पुसलं. "आनिक दे," म्हणाल्या.

एवढे महिने मी हेच मागत होते. भांडत होते, भांडी आदळत होते, ते ह्याच एका गोष्टीसाठी, की बाईनं पाणी प्यावं. माझं म्हणणं खरं झालं होतं. मी दुसरा तांब्या भरायला आत गेले आणि मला रडू आवरेना. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ तसाच सोडला, मग पाणी वाया जातंय म्हणून घाईघाईनं बंदही केला.

संध्याकाळी आक्कांनी त्या लहान बादलीचा दोर स्वतःच सोडला. काथ्या, नायलॉन, दावं, माझ्या साडीची पट्टी, सगळा मिळून लांबच्या लांब झाला होता. "धुणं वाळत घालायला बांध," म्हणून माझ्या हातात दिला. मी परड्यात बांधला.

त्या वर्षी पाऊस बरा झाला. ओढ्याला पाणी आलंय म्हणून शेजारीण सांगायला आली, तेव्हा आक्का उठल्यासुद्धा नाहीत. "जाऊ दे," म्हणाल्या, "ते काय हितं ऱ्हायला आलं न्हाय." आणि खरंच, पाऊस उघडला तसा ओढाही गेला. विहिरीच्या तळाला थोडं साचलं होतं ते दसऱ्याआधी जिरलं.

आता त्या नळाचंच पाणी पितात. बऱ्या आहेत, खातात, नातवंडांना रागावतात. पण हाताची सवय जात नाही. रोज सकाळी नळाचं पाणी त्या गाळतात, दुहेरी कापड, काठोकाठ घागर. गाळून झालं की कापड हातात तसंच धरून उभ्या राहतात. आधी विहिरीकडं बघतात, मग माझ्याकडं.

"ही जिवाणी कुठं सोडू गं?"

रोज विचारतात. त्यांच्या हातातून कापड घेते, पिळते, आणि परड्यात त्या दोरावर उन्हात वाळत घालते.